नवताऱ्याकडे तिरकं बघताना

सायकलची चेन उतरायला मुहूर्त लागत नाही. पण उतरली की ती नेमकी ऑफिसच्या फाटकासमोर, चढावर आणि चारचौघांच्या देखत उतरते. त्या सकाळी बारीक भुरभुर चालू होती, रेनकोटची टोपी सारखी डोळ्यांवर येत होती, आणि ती सायकलपाशी उकिडवी बसून चेनशी झोंबत होती.

"ओढू नका... पेडल उलटं फिरवा. हळू."

मागून आवाज आला. तिने वळून पाहिलं. आधी बूट दिसले, मग बराच वेळ नुसती पँटच दिसत राहिली, आणि शेवटी एकदाचा वर माणूस दिसला. देवाने त्याला घडवताना थांबायचं कुठे हे ठरवलं नसावं. त्याने वाकून मागचं चाक उचलून धरलं, तिने पेडल फिरवलं, आणि चेन शहाण्यासारखी जागेवर बसली.

तिचे हात मात्र काळेकुट्ट! त्याने स्वतःचे खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही, तेव्हा बॅगेतून दोन-तीन कागद काढून पुढे केले.

"घ्या, पुसा."

"अहो, यावर काहीतरी छापलंय."

"वाया गेलेलं आहे. बिनधास्त पुसा."

तिने पुसले. आणि पुसता पुसता, काळ्या बोटांच्या ठशांमधून, तिला कागदाच्या तळाशी एक ओळ दिसली. 'नामंजूर. "जर" असलेले अर्ज या वेळापत्रकात बसत नाहीत.' खाली सही. सही तिची स्वतःची.

तिचा चेहरा असा झाला की विचारू नका.

"हा... तुमचा अर्ज?"

"होता," तो शांतपणे म्हणाला. "ज्या बाईंनी तो परत पाठवला, त्यांनाच भेटायला आलोय. ओळखता का तुम्ही त्यांना?"

"तोंडओळख आहे."

"कशा आहेत?"

तिने क्षणभर विचार केला. "खडूस."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि त्याची नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर जाऊन परत आली. "पण चेन छान बसवतात."

तर अशी झाली सुरुवात.

आता ती कोण, ते सांगायला हवं. पृथ्वीभोवती एक उपग्रह फिरत होता. तारे साध्या उजेडात बघायचं त्याचं काम नव्हे. तो बघायचा क्ष-किरणांत. आपल्या डोक्यावरची हवा क्ष-किरणांना खाली येऊ देत नाही, म्हणून ते बघायला हवेच्या वरच जावं लागतं. त्या उपग्रहाने केव्हा कुठे मान वळवायची, कुठे किती वेळ थांबायचं, हे ठरवायची ती. जगभरातले शास्त्रज्ञ तिच्याकडे रांग लावून उभे असत आणि ती कोणालाही रांग मोडू देत नसे. सगळे तिला वेळापत्रकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा अभिमानच होता.

आणि तो? तो दुसऱ्या संस्थेतून काही महिन्यांसाठी इथे आलेला पाहुणा. म्हणून सगळे त्याला पाहुणेच म्हणू लागले. त्याच्या अर्जात एवढंच होतं: आकाशाच्या अमुक कोपऱ्यात एक कृष्णविवर आहे, त्याच्याशेजारी एक साधा तारा आहे, ही जोडी मागे एकदा भडकली होती, मग कित्येक वर्षं गप्प आहे. जर ती पुन्हा भडकली, तर उपग्रहाने हातातलं सगळं टाकून तिच्याकडे बघावं.

"जर!" ती त्याला जिना चढताना म्हणाली. "जर आणि तर यावर मी वेळापत्रक लावायला लागले, तर आमचा उपग्रह नुसता मान वळवत बसेल."

"पण भडकलं तर?"

"भडकलं तर या. बघू."

तो हसला. त्याच्या हसण्यात एक खोट होती. ते संपल्यावरही चेहऱ्यावर थोडं शिल्लक राहायचं, आणि समोरच्याला उगाच वाटायचं, आपण काहीतरी छान बोललो.

आणि खरंच भडकलं. थट्टा नाही! तो येऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल. उपग्रहाच्या पाठीवर एक छोटा कॅमेरा होता, तो सगळ्या आकाशावर पहारा ठेवायचा. एका सकाळी त्याच्या चित्रात एक ठिपका आला. काल तिथे काही नव्हतं. आज होता. दुपारपर्यंत तो आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उजळ झाला.

तो तिच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती. एवढा उंच माणूस, पण दारात अगदी शाळकरी पोरासारखा उभा.

"आलोय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात... भडकलं तर या."

तिने पडद्यावर पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा, तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं वेळापत्रक मोडलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि मला नीट सांगा, हे आहे तरी काय?"

तो सांगत गेला, आणि सांगताना त्याचे हात थांबेनात. शेजारचा तारा आपला वायू हळूहळू सांडत असतो, म्हणाला. तो सरळ विवरात पडत नाही, भोवती चकतीसारखा साचत राहतो. वर्षानुवर्षं साचतो, कोणाला पत्ता नाही. मग एक दिवस त्या चकतीला राहवत नाही, आणि सगळं एकदम आत कोसळायला लागतं. कोसळताना इतकं तापतं, इतकं तापतं, की त्यातून क्ष-किरणांचा झोत उठतो. विवर काळंच राहतं. चमकतं ते त्यात पडणारं.

"आणि तारा? त्याचं काय होतं?"

"काही नाही. तो फिरत राहतो, तसाच, अगदी जवळून. अशा भडकलेल्याला नवतारा म्हणतात, पण तो नवा जन्मलेला तारा नव्हेच मुळी. ही जुनीच ओळख आहे, अचानक उजेडात आलेली."

ती ऐकत राहिली. इतकी वर्षं तिने हजारो तारे वेळापत्रकात कोंबले होते. पण कोणी तिला एखाद्या ताऱ्याबद्दल असं, घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं, सांगितलं नव्हतं.

घाईने काम बिघडतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते बिघडलं. तिने आदेश पाठवला, उपग्रहाने मान वळवली, मुख्य दुर्बीण थेट नवताऱ्यावर रोखली... आणि पडदा काळा झाला. दुर्बिणीतला डिटेक्टर बंद पडला होता. उजेड एका मर्यादेबाहेर गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी डोळे मिटून घेतो, तशी सोयच केलेली असते. तिने मर्यादेचा हिशेब केला होता, बरोबर केला होता. फक्त आदल्या दिवशीचा उजेड धरून केला होता. नवतारा अजून चढतोय, रातोरात दुप्पट होईल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिचे नेहमीचे तारे वर्षानुवर्षं तेवढेच राहत, त्यामुळे तिला कालचा उजेड आज धरायची सवय लागली होती.

संचालिका मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम टेबलावर, खणात, फायलींखाली चष्मा शोधत होत्या. चष्मा कपाळावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण सांगणार कोण?

"ते यंत्र जुनं झालंय," मॅडम म्हणाल्या. "मी त्याची जाळी या हातांनी बसवलीय, तुमच्या वयाची असताना. ते परत चालू झालं नसतं तर? कोणाची चूक?"

"माझी," तो म्हणाला. "मी घाई केली."

"यांची नाही," ती म्हणाली. "हिशेब माझा होता."

"पण मागे मी लागलो होतो—"

"तुम्ही मागे लागलात म्हणून मी चुकावं असं कुठे आहे?"

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "लोक चूक एकमेकांवर ढकलतात. तुम्ही ओढून घेताय. बाहेर जाऊन भांडा. आणि ऐका, त्या ताऱ्याकडे पुन्हा दुर्बीण रोखायची नाही. विषय संपला."

विषय कसला संपतोय! हा नवतारा काही आठवडेच चमकणार होता. शिवाय सूर्य सरकत सरकत त्याच दिशेला येत होता. तो जवळ आला की उपग्रहाला तिकडे बघायची मनाई. आत्ता नाही, तर पुन्हा कित्येक वर्षं नाही. पाहुण्याने ज्याची उमेदीची सगळी वर्षं वाट पाहिली, ते डोक्यावर जळत होतं, आणि बघायला परवानगी नव्हती. आणि बघायचंच नसेल तर पाहुण्याला इथे राहायचं तरी काय कारण? हा दुसरा हिशेब तिने केला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

कँटीनमध्ये तो समोरच्या टेबलावर बसला होता. चहावर साय धरली होती. ओल्या बोटाने टेबलावर वर्तुळं काढत होता. त्याच्याशी बोलावं असं तिला फार वाटत होतं, पण सरळ त्याच्याकडे बघायची तिची छाती नव्हती. त्याचं काय होतं, सरळ बघितलं की तिचं डोकंच बंद पडायचं. म्हणून ती खिडकीकडे तोंड करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. आणि कोपऱ्यातून किती दिसत होतं! शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. कानामागे अडकून विसरलेली पेन्सिल. वर्तुळ पुरं होत आलं की दर वेळी थांबणारं बोट... तिरक्या नजरेला सगळं दिसत होतं, आणि डोकंही शाबूत होतं.

ती ताडकन उठली. कप कलंडला.

"कडेने!"

तो दचकला. "काय?"

"कडेने बघू या! सरळ नाही, तिरकं! तुमच्याक... तुमच्या ताऱ्याकडे!"

तिचे कान लाल झाले. पण आता थांबायला वेळ नव्हता. ती त्याच्या समोर जाऊन बसली आणि टेबलावरच्या त्याच्या ओल्या वर्तुळातच बोट फिरवून समजावू लागली. डिटेक्टरपुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे. समोरून आलेले किरण सरळ आत जातात. तिरके आले, की बरेचसे जाळीच्या भिंतींना अडतात. थोडेच आत पोचतात. दुर्बीण नवताऱ्यावर रोखायचीच नाही. त्याच्या जरा बाजूला बघायचं, आणि त्याला कडेला ठेवायचं.

तो पुढे झुकला. मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "छान आहे. पण कडेला जाळी नेमका किती उजेड अडवते, ते कोणाला माहीत आहे? ते माहीत नसेल तर मोजलेल्याला अर्थ नाही."

"मला माहीत आहे."

"अं?"

"नोकरीला नवी लागले तेव्हा सगळ्यांनी चांगली चांगली कामं घेतली. मला उरलं ते कडा मोजायचं. खेकडा नावाचा एक तेजोमेघ आहे..."

"माहीत आहे हो मला खेकडा."

"तर तो खेकडा आहे गुणी. त्याचा उजेड फारसा बदलत नाही. मी दुर्बीण थोडी थोडी बाजूला सरकवत त्याला सगळ्या कडांवरून पाहिलं. किती तिरकं असलं की किती दिसतं, सगळं मोजलंय. महिने गेले. नंतर कोणी विचारलंच नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत असं निव्वळ कौतुक होतं, की तिला पदरी पडलेल्या त्या कंटाळवाण्या महिन्यांचं सोनं झाल्यासारखं वाटलं.

"तुम्ही ना," तो हळूच म्हणाला, "मी आजवर भेटलेल्या माणसांत सगळ्यात..."

"सगळ्यात काय?"

"सांगतो. आधी तारा."

मॅडमना पटवायला दुपार गेली. त्यांनी तिच्या जुन्या मोजण्या उलटसुलट तपासल्या, मध्येच कपाळावर चष्मा सापडल्याने खूश झाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "करा. पण यंत्राला काही झालं, तर तुम्हा दोघांना मी जाळीत बसवेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी उपग्रह माथ्यावरून जाताना माहिती खाली आली. पडदा काळा झाला नाही. त्यावर उजेडाच्या चढउताराची एक रेघ उमटली, आणि ती रेघ थरथरत होती. नुसती वेडीवाकडी नव्हे, लयीत, सेकंदाला कितीतरी वेळा. विवराच्या अगदी उंबरठ्यावर फिरणारा वायू आत पडण्याआधी घेत असलेल्या गिरक्यांची ती लय. हजारो वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड आज, खिडकीबाहेर भुरभुर चालू असताना, या खोलीत पोचला होता. मॅडमनी पुढे होऊन पडद्यावरच्या रेघेला बोट लावलं, लेकराच्या गालाला लावावं तसं.

"अजून चालतंय बघ माझं यंत्र," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले, ते विचारू नये. सकाळी कोन ठरवायचा, दुपारी रेघ बघायची, संध्याकाळी फाटकापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. चेन उतरलेली नसतानाही.

"सायकलवर बसत का नाही तुम्ही?" त्याने एकदा विचारलं.

"चढ आहे."

"हा उतार आहे."

"मग उताराची भीती वाटते."

घरी आईच्या लक्षात यायला असा कितीसा वेळ लागणार? आईचं खाली गाळ्यात कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. दोन ओठांत टाचण्या धरून ती कोणाचीही झडती घेऊ शकायची.

"कोण आहे गं तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यासाठी तू निळा सदरा कमरेत आत घेतलास तो."

"आई, तो पाहुणा आहे. तारा मावळला की जाणार."

"आणि तारा मावळणार कधी?"

"मंदावत चाललाय. सूर्यही जवळ आलाय. हा आठवडा शेवटचा."

आईने टाचण्या काढून उशीला टोचल्या. "अगं, कपडा उसवायच्या आधी टाका घालायचा असतो. नंतर नुसतं ठिगळ लागतं. सांगून टाक."

"आणि जर त्याच्या मनात नसेल तर?"

"बाई गं! जर-तर कोणाला चालत नाही म्हणे तुमच्याकडे?"

तिला तो हवा होता. ताऱ्याचं निमित्त संपल्यावरही हवा होता, आणि हे त्याला तोंडाने सांगायचं होतं. एवढंच तर काम होतं. आकाशात हव्या त्या ठिपक्याकडे दुर्बीण वळवणारी ती, समोरच्या माणसाकडे मान वळवायची म्हटलं की खिडकी शोधत होती.

शेवटच्या दिवशी तो बॅग घेऊनच आला. दुपारची गाडी होती. शेवटच्या निरीक्षणाचा आदेश तिने पडद्यावर मांडून ठेवला होता. त्याने वाकून वाचला आणि दचकला.

"कोन शून्य? सरळ? अहो, पुन्हा बंद पडेल!"

"नाही पडणार. बघा ना उजेड. आता त्याच्याकडे सरळ बघता येतं." तिने पडद्यावरचा आकडा दाखवला. "तो मंदावलाय."

आदेश गेला. उपग्रहाने मान वळवली, आणि पहिल्यांदाच दुर्बिणीने नवताऱ्याकडे समोरासमोर पाहिलं. पडदा काळा झाला नाही. एक शांत, मंद रेघ आली. दोघं ती बघत राहिले.

मग तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघता. कायम. मी काही चुकीचं..."

"नाही!"

ती खिडकीकडेच बघत होती. काचेत त्याची उंच सावली होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. सूर्याने आपली तारीख कधी चुकवलीय? पाहुण्याची गाडीही आपली वेळ चुकवणार नव्हती.

"तो तारा मंदावला," ती म्हणाली, "म्हणून आज त्याच्याकडे सरळ बघता आलं. तुमचं तसं... काही लक्षण दिसत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी जेवढे होतात तेवढेच... जास्तच आहात. म्हणून मी अजून तिरकंच बघते."

बोलून झालं.

"बंद पडेल म्हणून?" त्याने फार हळू विचारलं.

तिने 'हो' म्हणून मान हलवली.

"मग पडू द्या ना एकदा. परत चालू होतं. तुम्हीच करून दाखवलंय."

तेव्हा ती वळली. वर, आणखी वर, त्याच्या डोळ्यांपर्यंत तिने सरळ पाहिलं. डोकं बंद पडलं, अगदी ठरल्यासारखं पडलं. पण डोळे काही मिटले नाहीत. आणि तिने पाहिलं, तर त्याचीही अवस्था काही वेगळी नव्हती. कान लाल, हात कुठे ठेवावेत ते कळेना. इतके दिवस ती कडेने बघत राहिली, आणि हे एवढं मोठं समोरच होतं!

"सगळ्यात काय ते सांगायचं राहिलंय," तो म्हणाला.

"मग सांगा की."

"सगळ्यात लखलखीत. कँटीनमध्येच सांगणार होतो. पण मग तारा कोण बघणार?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "पण तारा तर आता सूर्याआड जाणार. आणि तुम्ही जाणार."

"सूर्याआडून तो परत येईल ना."

"जर तोवर पुरता विझला असेल तर?"

"तर मग मी नक्कीच येईन. तुला ठाऊक नाही का?" तो 'तू' म्हणाला, आणि त्याला पत्ताही नव्हता. "भडकलेला कोणालाही दिसतो. शांत झाल्यावरच त्याच्या शेजारचा तारा दिसायला लागतो. ते दोघं एकमेकांभोवती कसे फिरतात, ते तेव्हाच कळतं. त्याला वर्षंच्या वर्षं लागतात बघायला. माझा तोच अर्ज आहे. लिहून आणलेला नाही. घेशील?"

"त्यात 'जर' आहे का?"

"एकही नाही."

ती पुन्हा खुर्चीत बसली, वेळापत्रक उघडलं, आणि सूर्य बाजूला झाल्यावरच्या पहिल्या सकाळीच त्या ताऱ्याला जागा दिली. सरळ समोर, कोन शून्य. मग पडदा बंद करून तिने त्याची बॅग उचलली.

"चल, फाटकापर्यंत येते. सायकल तू धर."

"का? तुझे हात..."

"माझे हात आज रिकामे हवेत," ती म्हणाली, आणि बॅग खांद्याला अडकवून, खाली सायकलपाशी, सगळ्या ऑफिसच्या देखत, तिने त्याचा मोकळा हात धरला.